तुला कसं कळलं, ते सांग: ब्लेंडेड वर्गात मुलं एकमेकांकडून कशी शिकतात

तास संपता संपता शिक्षक विचारतात, "कळलं ना सगळ्यांना?" वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. शिक्षक बाहेर पडतात आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच मागच्या बाकावरून आवाज येतो, "अरे, ते शेवटचं कसं आलं रे?" शेजारचा वही पुढे ओढतो, दोन रेघा मारतो, "हे बघ, इथे दोन्हीकडून हे काढून टाकलं," म्हणतो. पाऊण तासात जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते दीड मिनिटात लख्ख दिसतं. शाळा-कॉलेजात गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे अनुभवलेलं असतं.

या लेखाचा विषय ते दीड मिनिट आहे. ते योगायोगावर न सोडता वर्गाच्या रचनेतच कसं बसवायचं, आणि वर्ग काही वेळ समोरासमोर तर काही वेळ ऑनलाइन भरत असेल तर त्याचं काय होतं, ते नीट समजून घेऊ.

आधी ‘ब्लेंडेड’ या शब्दाबद्दल. ब्लेंडेड म्हणजे मिश्र. शिकण्याचा काही भाग प्रत्यक्ष वर्गात आणि काही भाग ऑनलाइन, ज्याच्या त्याच्या सवडीने. दोन्ही भाग एकाच अभ्यासक्रमाचे आणि एकमेकांत गुंफलेले. ही गुंफण महत्त्वाची. शिक्षकांनी नेहमीसारखा तास घेतला आणि त्याचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर चढवून ठेवलं, तर आजारी पडलेल्या मुलाची सोय होईल, पण तेवढ्याने वर्ग ब्लेंडेड होत नाही. याच विचाराचं एक रूप म्हणजे ‘फ्लिप्ड’ किंवा उलटा वर्ग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास, तास बुडणाऱ्या मुलांसाठी म्हणून आपले धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या लक्षात आलं की ऐकण्याचं काम मुलं घरी एकटी करू शकतात. शिक्षक हवा असतो तो अडल्यावर, आणि अडायला होतं ते गृहपाठ करताना. मग त्यांनी अदलाबदल केली. ऐकणं घरी, गृहपाठ वर्गात.

यामुळे वर्गातला वेळ मोकळा होतो, आणि ब्लेंडेड पद्धतीची सगळी किंमत माझ्या मते या मोकळ्या झालेल्या वेळात आहे. व्हिडिओ कितीही देखणा असला तरी तो फक्त जागा करून देतो. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ मध्ये ऑनलाइन शिक्षणावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात मिश्र पद्धतीने शिकलेल्यांची कामगिरी निव्वळ समोरासमोर शिकलेल्यांपेक्षा सरासरीने थोडी सरस दिसली. पण आढावा घेणाऱ्यांनीच बजावलं होतं की याचं श्रेय माध्यमाला देऊन मोकळे होऊ नका. मिश्र वर्गांतल्या मुलांना बरेचदा जास्त वेळ मिळाला होता, जास्त साहित्य मिळालं होतं आणि एकत्र मिळून काम करण्याच्या जास्त संधी मिळाल्या होत्या.

ज्याला येतं, त्याला सांगता का येत नाही?

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला. काही जणांनी सर्वांच्या ओळखीच्या गाण्यांच्या चाली टेबलावर बोटांनी वाजवायच्या आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. किती ओळखली जातील, असं वाजवणाऱ्यांना विचारलं तेव्हा त्यांचा अंदाज होता, निम्मी तरी. वाजवली गेली १२० गाणी. ओळखली गेली ३.

वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, शब्द-सुरांसकट. समोरच्याला ऐकू येते ती नुसती टकटक. विषयात मुरलेल्या शिक्षकाचं असंच होतं. एखादी गोष्ट वर्षानुवर्षं येत असली की ती न येणं कसं असतं हे आठवेनासं होतं. मधल्या पायऱ्या इतक्या पायाखालच्या झालेल्या असतात की त्या पायऱ्या आहेत हेच जाणवत नाही. म्हणून "हे तर उघडच आहे" हे वाक्य वर्गात सगळ्यात जास्त नुकसान करतं. बाकावरच्या मुलीला मात्र ते गाणं आत्ता, पाच मिनिटांपूर्वी ऐकू यायला लागलेलं असतं. आपण कुठे अडलो होतो आणि कशामुळे सुटलो, हे तिच्या ताज्या आठवणीत असतं.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मॅझूर यांना हे मोठ्या धक्क्यातून कळलं. त्यांचे विद्यार्थी त्यांच्यावर खूष होते, परीक्षेतली अवघड गणितं सोडवत होते. मग १९९० च्या सुमारास त्यांनी बल आणि गतीबद्दलच्या अगदी प्राथमिक कल्पना तपासणारी एक चाचणी वर्गाला दिली. एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंय त्याप्रमाणे लिहायची, की मला एरवी जसं वाटतं तशी? चाचणीचा निकाल निराशाजनक लागला. एक प्रश्न त्यांनी फळ्यावर समजावून सांगितला, पुन्हा वेगळ्या तऱ्हेने सांगितला, तरी चेहरे कोरेच. शेवटी ते म्हणाले, "शेजाऱ्याशी बोला." वर्गात एकच गलका झाला, आणि दोन-तीन मिनिटांत मुलांनी आपापसात तो गुंता सोडवला.

यातून १९९१ पासून त्यांनी जी पद्धत बसवली ती ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ (सोबत्यांनी सोबत्यांना शिकवणं) या नावाने जगभर पोचली. वाचन आधी घरी होतं. वर्गात शिक्षक थोडं बोलतात आणि मग पर्याय दिलेला एक प्रश्न टाकतात. प्रश्न आकडेमोडीचा नसतो, कल्पना तपासणारा असतो. प्रत्येकाने आधी गप्प बसून, एकट्याने विचार करायचा आणि आपलं उत्तर नोंदवायचं. मोबाइलवर, क्लिकरवर (बटण दाबून उत्तर पाठवायचं छोटं यंत्र) किंवा रंगीत कार्ड दाखवून. मग ज्याचं उत्तर आपल्याहून वेगळं आहे असा शेजारी गाठायचा आणि त्याला पटवून द्यायचं. पुन्हा मत नोंदवायचं. शेवटी शिक्षक उलगडा करतात. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं उत्तर बरोबर आलं तर चर्चेतून सगळ्यात जास्त पदरात पडतं, असा मॅझूर यांचा अनुभव. सगळ्यांनाच येत असेल तर बोलायला काही उरत नाही, आणि जवळजवळ कुणालाच येत नसेल तर आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवल्यासारखं होतं.

एक नाणं, दोन मुलं

प्रत्यक्षात काय घडतं ते जवळून बघू. प्रश्न असा. नाणं सरळ वर उडवलं. ते हातातून सुटलंय आणि वर चाललंय. हवेचा विरोध धरू नका. या क्षणी नाण्यावर कोणतं बल आहे? एक पर्याय: वरच्या दिशेने, हळूहळू कमी होत जाणारं. दुसरा: एक वर आणि एक खाली. तिसरा: फक्त खालच्या दिशेने, गुरुत्वाकर्षणाचं. मुलाने पहिला पर्याय धरलाय, मुलीने तिसरा.

"वर जातंय म्हणजे वर ढकलणारं काहीतरी असणारच ना?"

"कोण ढकलतंय?"

"हाताने दिलंय की बल."

"हात तर सुटला. आता नाण्याला कोण शिवतंय?"

"कोणी नाही. पण ते बल नाण्यात शिल्लक असणार. ते संपत आलं की नाणं हळू होतं, आणि संपलं की खाली येतं."

"मला पण आधी तसंच वाटलेलं. मग मी म्हटलं, सायकलचं पॅडल मारणं थांबवलं तरी सायकल पुढे जातेच. तेव्हा तिला कोण ढकलतं?"

"कोणी नाही. तिला वेग आहे."

"मग नाण्यालाही वेगच आहे. हातात होतं तोवर बल होतं. सुटल्यावर बल गेलं, वेग राहिला."

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणतो, "बरं, आणि अगदी वर पोचल्यावर? तिथे तर क्षणभर थांबतं. म्हणजे तिथे बल शून्य?"

आता ती अडते. "शून्य... नाही, थांब. शून्य असतं तर ते तिथेच लटकून राहिलं असतं."

या संवादात दोन जागा मला फार मोलाच्या वाटतात. पहिली, "मला पण आधी तसंच वाटलेलं." हे वाक्य शिक्षक मनापासून म्हणू शकत नाही, आणि म्हटलं तरी मुलाला खरं वाटत नाही. या एका वाक्याने चुकीच्या उत्तरातली लाज निघून जाते आणि चूक वाटेवरचं एक ठिकाण होते. दुसरी जागा तिच्या अडण्याची. तिचं उत्तर बरोबरच होतं, पण सर्वात वर पोचल्यावर काय होतं याचा विचार तिने केलेला नव्हता. तो प्रश्न तिला ‘कच्च्या’ मुलाने विचारला. शिकवणारं कोण आणि शिकणारं कोण, हे अशा चांगल्या गप्पांत मिनिटा-मिनिटाला बदलत राहतं.

पण मग अशी शंका येते की मुलं खरंच समजून घेतात, की वर्गातल्या हुशार मुलीचं उत्तर उचलतात? कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी जनुकशास्त्राच्या वर्गात हे तपासलं आणि २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. पहिला प्रश्न एकट्याने, मग चर्चा, मग तोच प्रश्न पुन्हा. त्यानंतर त्याच कल्पनेवरचा, पण वेगळ्या रूपातला दुसरा प्रश्न परत एकट्याने. नुसती नक्कल झाली असती तर दुसऱ्या प्रश्नावर मुलं आपटली असती. तसं झालं नाही. दुसऱ्या प्रश्नातही कामगिरी सुधारली. आणि ज्या गटांत सुरुवातीला बहुधा एकालाही बरोबर उत्तर येत नव्हतं, तिथेही सुधारणा दिसली. म्हणजे गटात एक जाणकार असलाच पाहिजे असंही नाही. दोन अर्धवट समजुती एकमेकींवर घासल्या की त्यातून पूर्ण समज निघू शकते.

समजावणाऱ्याच्या हाती काय लागतं

पालक हमखास विचारतात, "माझी मुलगी दुसऱ्यांना शिकवत बसली तर तिचा अभ्यास मागे नाही का पडणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की बोलून समजावणं हा अभ्यासच आहे, आणि बरेचदा तो एकट्याने केलेल्या अभ्यासापेक्षा कसदार असतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना सांगितलं की हा उतारा वाचा, नंतर तुम्हाला तो शिकवायचा आहे. इतरांना सांगितलं, नंतर परीक्षा आहे. प्रत्यक्षात शिकवायला कुणालाच लावलं नाही, परीक्षा मात्र सगळ्यांची घेतली. शिकवायचं आहे असं समजून वाचणाऱ्यांना जास्त आठवलं, आणि जे आठवलं ते जास्त सुसंगत होतं. परीक्षेसाठी वाचताना आपण विचारतो, काय लक्षात ठेवू? शिकवण्यासाठी वाचताना विचारतो, मुख्य काय आहे आणि काय कशाला जोडलंय?

शिक्षण-संशोधक नोरीन वेब यांनी गटात शिकणाऱ्या मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या निष्कर्षांतला एक मुद्दा प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असायला हवा असं मला वाटतं: सविस्तर समजावून सांगणाऱ्याला फायदा होतो, पण ज्याला फक्त आयतं उत्तर मिळतं त्याला काहीच मिळत नाही, उलट तोटाच संभवतो. "उत्तर १२ आहे, लिही" ही मदत नव्हे. लेखनाबाबतही असंच. २००९ च्या एका अभ्यासात, दुसऱ्यांच्या मसुद्यांवर शेरे देण्याचं काम करणाऱ्यांचं स्वतःचं लेखन, फक्त शेरे वाचणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं. दुसऱ्याच्या परिच्छेदात धागा कुठे तुटला हे बघायची नजर बसली की ती आपल्या परिच्छेदालाही सोडत नाही.

मुलांनी मुलांना शिकवायचं ही कल्पना तशी जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतलं, १७९७ मध्ये त्यावर लिहिलं, आणि इंग्लंडमध्ये ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. पण तिचा मुख्य हेतू थोड्या शिक्षकांत खूप मुलं सांभाळण्याचा होता. मॉनिटर मुलगा धडा म्हणून घ्यायचा, बाकीची मागून म्हणायची. आज आपण ज्याबद्दल बोलतोय त्यात शिक्षक कमी होत नाही, आणि पाठांतराचा तर संबंधच नाही.

रात्री अकरा वाजता पडलेला प्रश्न

आता ऑनलाइन अर्ध्याकडे वळू, कारण ब्लेंडेड वर्गात सगळ्यात जास्त वाया जातो तो हाच भाग.

मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून एक गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात? सरासरी जेमतेम १ सेकंद. हाच वेळ ३ सेकंदांच्या वर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली, मुलं स्वतःहून जास्त प्रश्न विचारू लागली. दोन सेकंदांनी एवढा फरक पडत असेल, तर ऑनलाइन चर्चेत मिळणाऱ्या एका अख्ख्या संध्याकाळीने काय होईल? ज्याला विचार जुळवायला वेळ लागतो, जी चारचौघांत तोंड उघडत नाही, ज्याची भाषा वर्गाच्या भाषेपेक्षा वेगळी आहे, अशा मुलांना लिहून, खोडून, पुन्हा लिहून मग बोलता येतं. वर्गात ही मुलं ‘अबोल’ म्हणून ओळखली जातात. त्यातली कित्येक अबोल नसतात. त्यांना एका सेकंदात बोलता येत नाही, एवढंच.

समजा वर्गाच्या चर्चेच्या पानावर रात्री अकराला एकाने लिहिलं: ‘−३² चं उत्तर कॅल्क्युलेटर −९ दाखवतोय. ऋण गुणिले ऋण धन होतं ना? मग ९ का नाही?’ पहिलं उत्तर येतं: ‘−९ च बरोबर आहे.’ दुसरं: ‘कंस नाहीये.’ दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही विचारणाऱ्याच्या काही कामाची नाहीत. मग तिसरी मुलगी लिहिते: ‘५ − ३² किती?’ तो लिहितो, ‘५ − ९, म्हणजे −४.’ ती लिहिते, ‘तिथे तू वर्ग फक्त ३ चा केलास, −३ चा नाही. आता त्यातला ५ काढून टाक. काय उरलं?’ दहा मिनिटांनी त्याचं उत्तर: ‘अच्छा!! वर्ग आधी, उणे नंतर. कंस असता तर उण्यासकट वर्ग झाला असता.’

हे शिकवणं अस्सल आहे. तिने उत्तर सांगितलं नाही. त्याला आधीच येत असलेली एक गोष्ट शोधली आणि तिथून एक पाऊल टाकायला लावलं. अशी तिसरी उत्तरं आपोआप येत नाहीत, ती शिकवावी लागतात. मी तर सुरुवातीच्या आठवड्यातच अशा तीन उत्तरांचा नमुना वर्गासमोर ठेवून विचारावं या मताची आहे, ‘यातल्या कुणी मदत केली?’ एवढं केलं तरी चर्चेच्या पानाचा सूर बदलतो.

समोरासमोर झालेलं बोलणं हवेत विरतं, हा संवाद मात्र राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच शंका असलेली आणखी मुलं तो वाचतात. त्यांनी कधी विचारलंही नसतं. आणि शिक्षकाला तास सुरू व्हायच्या आधीच कळतं की वर्ग कुठे अडलाय. रात्री आता चॅटबॉटही उत्तर देतो, आणि बरं देतो. पण विचारणाऱ्याला समजावून सांगताना स्वतः शिकणारी दुसरी मुलगी तिथे नसते, आणि ‘मला पण आधी तसंच वाटलेलं’ हे तो खरेपणाने म्हणू शकत नाही. म्हणून शंका आधी वर्गाच्या पानावर टाकायची सवय मला मोलाची वाटते.

दोन अर्ध्यांना जोडणारा धागा

बहुतेक ब्लेंडेड वर्ग फसतात ते या सांध्यात. व्हिडिओ बघून न आलेल्या मुलांसाठी शिक्षक वर्गात तोच भाग पुन्हा शिकवतात. बघून आलेल्यांना कळतं की बघायची गरजच नव्हती. तिसऱ्या आठवड्यापर्यंत कुणीच बघत नाही. ऑनलाइन चर्चेचंही तसंच. ‘प्रत्येकाने एक पोस्ट आणि दोन उत्तरं’ असा नियम केला की मुलं ‘छान मांडलंस’, ‘मी सहमत आहे’ असं लिहून सुटका करून घेतात. हा मुलांचा आळस नव्हे. त्या लिखाणावर पुढे काहीच अवलंबून नसतं, हे त्यांनी बरोबर ओळखलेलं असतं.

अवलंबून राहायला लावायचं कसं? याचं सुंदर उत्तर मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात दिलं होतं. तिथल्या शाळांत तोवर वेगळी ठेवलेली गोरी, काळी आणि लॅटिन अमेरिकी मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वातावरण तापलेलं होतं. ॲरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धड्याचे तुकडे केले, जिगसॉ कोड्यासारखे. गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा मिळायचा. आधी तोच तुकडा मिळालेली सगळ्या गटांतली मुलं एकत्र बसून तो पक्का करायची, मग आपापल्या गटात परत जाऊन इतरांना शिकवायची. ज्या मुलाला आजवर कुणी विचारत नव्हतं, त्याच्याकडे आता असं काहीतरी होतं जे बाकी कुणाकडेच नव्हतं. त्याचं ऐकून घेणं भागच होतं.

ब्लेंडेड वर्गाला ही रचना जणू मापाने शिवल्यासारखी बसते. चौघांच्या गटात चौघांना घरी चार वेगळे व्हिडिओ किंवा उतारे. प्रत्येक तुकड्याची ऑनलाइन चर्चा वेगळी, तिथे तो तुकडा मिळालेली सगळी मुलं शंका फेडून घेतात. वर्गात आल्यावर गट बसतो आणि चार तुकडे जोडल्याशिवाय सुटणार नाही असा प्रश्न समोर येतो. आता व्हिडिओ न बघणं ही खासगी बाब राहत नाही. तिघं तोंडाकडे बघत असतात. मात्र तुकडे ऐकवून संपवायचं नाही, त्यांच्या जोडणीतून सुटणारा प्रश्न हवाच. नाहीतर चार छोटी व्याख्यानं होतात.

कुठे बिघडतं

गट जितका मोठा, तितका प्रत्येकाचा जोर कमी. फ्रेंच अभियंता मॅक्स रिंगलमन यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी माणसांना दोर ओढायला लावून हे मोजलं होतं. म्हणून तीन-चार जणांचा गट बरा. सहांच्या गटात दोघं हमखास प्रेक्षक होतात.

दुसरा धोका ठाम आवाजाचा. चुकीचं पण आत्मविश्वासाने बोलणारा मुलगा बरोबर पण चाचरत बोलणाऱ्या मुलीला गप्प करू शकतो. आधी प्रत्येकाने एकट्याने मत नोंदवण्याचा नियम त्यासाठीच आहे. उत्तर लेखी दिलेलं असलं की माणूस त्यामागे उभा राहतो. याच कारणाने पहिल्या मतदानाचा आलेख चर्चेच्या आधी पडद्यावर दाखवू नये. तो दिसला की मुलं कारणं शोधण्याऐवजी बहुमताकडे सरकतात. आणि शेवटी शिक्षकाने उलगडा करायचाच. ‘मुलांनीच शोधून काढू दे’ म्हणून तो टाळला तर चूक तशीच घरी जाते.

हुशार मुलीला कायमची छोटी शिक्षिका करून ठेवणं हाही अन्याय आहे. तिलाही अडायचा, कुणाला तरी विचारायचा हक्क आहे. गट बदलत राहावेत, आणि प्रश्न इतके भक्कम असावेत की तिलाही दुसऱ्याची गरज भासेल.

पण सगळ्यात खोल अडचण वेगळी आहे, आणि ती पटकन दिसत नाही: कुणाला सोबत आहे आणि कुणाला नाही. १९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्राइझमन हे गणिताचे तरुण संशोधक एका प्रश्नाने अस्वस्थ होते. कॅल्क्युलसच्या पहिल्या अभ्यासक्रमात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने का नापास होतात? आसपासच्यांची उत्तरं तयार होती: तयारी कमी, इच्छा कमी, घरचं पाठबळ कमी. ट्राइझमन यांनी ती मानली नाहीत. ते विद्यार्थ्यांच्या सोबत राहिले, ती कुठे आणि कशी अभ्यास करतात ते पाहत राहिले. मुलं कष्टाळू होती, घरून पाठिंबाही होता. पण ती एकटी अभ्यास करत. अभ्यास वेगळा आणि मित्र वेगळे, अशी त्यांची विभागणी होती. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र आधी एकटे गणितं करत आणि मग एकत्र जमून उत्तरं ताडून बघत, एकमेकांच्या चुका काढत. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही, तर ते अवघडच आहे हे त्यांना कळत असे. एकटा बसलेला मुलगा तेच गणित अडल्यावर समजत असे की आपणच कमी पडतोय.

ट्राइझमन यांनी मग ‘कच्च्यांचा जादा तास’ काढला नाही. त्यांनी कार्यशाळा काढल्या, जिथे मुलं छोट्या गटांत बसून नेहमीपेक्षा अवघड गणितांशी झुंजत. भाग घेतलेल्यांचे निकाल ठळकपणे सुधारले.

हे ब्लेंडेड वर्गात पुन्हा पुन्हा आठवायला हवं, कारण ऑनलाइन भाग माणसाला सहज एकटं पाडतो. ज्याला मित्रमंडळी आहेत तो खासगी ग्रुपवर विचारून घेतो. नवा आलेला, संकोची, नोकरी करून शिकणारा मुलगा पडद्यासमोर एकटाच अडतो आणि तो अडलाय हे कुणालाच कळत नाही. म्हणून गट ‘आपापले करा’ असं सांगू नये. शिक्षकाने नेमून द्यावेत, आणि सुरुवातीला प्रत्यक्ष वर्गात भेटवून द्यावेत. समोरासमोर एकदा हसलेली माणसं पुढे लिहून बोलताना जास्त मोकळी होतात. आणि ज्यांच्याकडे इंटरनेट तुटपुंजं आहे त्यांच्यासाठी चर्चा लिखित असावी, व्हिडिओ कॉलवर अवलंबून नसावी. घरात शांत खोली आणि रात्री मोकळा फोन सगळ्यांकडे असतो असं धरून चालता येत नाही.

राहता राहिला प्रश्न गुणांचा. गटाला एकच गुण दिले तर राबणारा चिडतो, आणि वरपासून खालपर्यंत क्रम लावून गुण दिले तर कुणी कुणाला मदत करत नाही. माझा कल असा: चर्चेच्या वेळच्या चुकीच्या उत्तराला गुण कापू नयेत, भाग घेतल्याचे थोडे गुण असावेत, आणि खरी परीक्षा प्रत्येकाची स्वतंत्र व्हावी. शिवाय महिन्यातून एकदा प्रत्येकाला चार ओळी लिहायला सांगाव्यात, ‘या महिन्यात मला काय कळलं आणि ते कुणाच्या कुठल्या बोलण्याने कळलं’. त्यात अशी नावं येतात जी कुठल्याच गुणपत्रिकेत वर नसतात. ती शिक्षकाने वर्गात मोठ्याने वाचून दाखवावीत.